बाद पद्धतीची कबड्डी स्पर्धा: चिठ्ठ्या नंतर, आधी तक्ता

भात झोडून घरात आलं की अलिबाग ते मुरूडच्या पट्ट्यात मोकळ्या शेतांवर मैदानं आखायला सुरुवात होते आणि शिमग्यापर्यंत दर आठवड्याला कुठे ना कुठे स्पर्धा असतेच. आमच्या गावच्या स्पर्धेचा तक्ता, म्हणजे कुणी कुणाशी खेळायचं हे ठरवणारा कागद, बरीच वर्षं माझ्याकडे आहे. आजूबाजूच्या गावांतली पोरं विचारायला येतात तेव्हा कुणीतरी त्यांना आधीच सांगून ठेवलेलं असतं, "सोपं आहे, चिठ्ठ्या टाका, निघेल तशा जोड्या लावा." हा सल्ला अजिबात ऐकू नका. स्पर्धा मैदानावर बिघडण्याआधी बहुतेक वेळा कागदावरच बिघडलेली असते.

मैदानाचं थोडक्यात. पुरुषांसाठी १३ बाय १० मीटर, महिलांसाठी १२ बाय ८. भाताची धसकटं मुळासकट उपटा, खडे हाताने वेचा, दोन दिवस पाणी मारून रोलर फिरवा, मग फक्की. पंच, सरपंच (म्हणजे मुख्य पंच), गुणलेखक आधी ठरवा. परवानग्या तुम्हाला माहीत आहेत, पण रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक चालत नाही हे वेळापत्रक करताना डोक्यात ठेवा.

प्रवेशिका स्पर्धेच्या दोन दिवस आधी बंद करा. प्रत्येक संघाकडून १२ खेळाडूंची यादी आधार कार्डाच्या प्रतींसह घ्या. मुंबईहून आलेला एखादा चाकरमानी गावच्या संघातही असतो आणि मित्राच्या संघातही. तो वाद यादीवर मिटतो, मैदानावर मिटत नाही.

आता तक्ता. माझ्या पहिल्या स्पर्धेत २२ संघ आले. आम्ही २२ चिठ्ठ्या टाकल्या, ११ जोड्या लावल्या आणि खूश झालो. ११ सामने झाले, ११ संघ उरले. अकराच्या जोड्या लागत नाहीत, म्हणून एकाला चिठ्ठीने बाय दिली, म्हणजे न खेळता पुढच्या फेरीत पाठवलं. उरले ६. त्यांचे सामने झाले आणि उरले ३. मध्यरात्र उलटून गेली होती. पुन्हा चिठ्ठी टाकली आणि आधी ज्या संघाला बाय मिळाली होती, त्याचंच नाव निघालं. तो संघ दोन सामने जिंकून अंतिम फेरीत बसला. समोरचा संघ चार सामने जिंकून आला होता. त्यांचा मुख्य चढाईपटू टेबलाशेजारी मातीत पाय लांब करून बसला होता, दोन्ही पोटऱ्यांत गोळे आलेले, आणि भाऊ मीठ लावून चोळत होता. कर्णधार माझ्याकडे आला आणि एवढंच म्हणाला, "दादा, आम्ही चार खेळलो, ते दोन. ही फायनल कशी?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांनी फायनल खेळली, हरले, आणि पुढची दोन वर्षं आमच्याकडे आले नाहीत.

पुढे वाचनात आलं की १८७७ साली विम्बल्डनच्या पहिल्या स्पर्धेतही २२ नावं होती आणि तिथेही ११, ६, ३ असंच होत गेलं. विल्यम मार्शल उपांत्य सामना न खेळताच अंतिम फेरीत गेला. तिथे स्पेन्सर गोरने त्याला हरवलं. म्हणजे चूक जुनी आहे. पण आज ती करायला काहीही कारण नाही, कारण तिच्यावरचा उपाय पाच मिनिटांचा आहे.

उपाय असा: बाय द्यायची तर फक्त पहिल्या फेरीत द्यायची. नंतर एकही नाही. २, ४, ८, १६, ३२, ६४ या आकड्यांपैकी तुमच्या संघसंख्येच्या लगेच वरचा आकडा घ्या आणि त्यातून संघसंख्या वजा करा. २२ संघ असतील तर ३२ वजा २२, म्हणजे १० बाय. उरलेले १२ संघ पहिल्या फेरीत ६ सामने खेळतात. ६ विजेते आणि १० बायवाले मिळून १६ होतात. त्यापुढे ८, ४, २ असं सरळ उतरत जातं, कुठेही अडत नाही. संघ बरोबर १६ किंवा ३२ असतील तर बायची गरजच नाही.

यावर हमखास येणारी तक्रार म्हणजे "दहा बाय? एवढ्या लोकांना फुकट पुढे पाठवायचं?" फुकट कुणी जात नाही. बाद पद्धतीत प्रत्येक सामन्यात एक संघ घरी जातो, म्हणून २२ संघांचा एक विजेता काढायला २१ सामने लागतात, जोड्या कशाही लावा. चुकीच्या पद्धतीत ११, ५, ३, १, १ मिळून २१, बरोबर पद्धतीत ६, ८, ४, २, १ मिळूनही २१. सामना एकही वाढत नाही, खर्च वाढत नाही. बदलतं ते इतकंच, की कुणीही कुणापेक्षा एकाहून जास्त सामना खेळून फायनलला येत नाही.

बाय सगळ्या एका बाजूला टाकू नका. कागदावर २२ घरं आखा आणि चार कप्पे करा: १ ते ६, ७ ते ११, १२ ते १७, १८ ते २२. सहाच्या कप्प्यात दोन सामने आणि दोन बाय, पाचच्या कप्प्यात एक सामना आणि तीन बाय. पहिल्या फेरीचे सामने २-३, ४-५, ८-९, १३-१४, १५-१६ आणि २०-२१ असे येतात. बाकी घरांना बाय. बाय घराला असते, संघाला नाही, हे सगळ्यांसमोर मोठ्याने सांगा. तक्ता आधी भिंतीला लागलेला असेल आणि चिठ्ठी नंतर निघाली, तर "अमक्याला मुद्दाम बाय दिली" असं म्हणायला जागा राहत नाही.

मानांकन द्यायचं का, म्हणजे तगड्या संघांची घरं आधीच ठरवायची का, यावर आमच्याकडेही भांडणं झाली आहेत. माझं मत पक्कं आहे: द्यायचं, पण चारच संघांना आणि गेल्या वर्षीच्या निकालावरूनच. विजेता १ नंबरच्या घरात, उपविजेता २२ मध्ये, उपांत्य फेरीत हरलेले दोघे चिठ्ठीने ११ आणि १२ मध्ये. नुसत्या चिठ्ठ्या टाकल्या तर सर्वांत तगडे दोन संघ तक्त्याच्या एकाच अर्ध्या भागात येण्याची शक्यता जवळजवळ निम्मी असते. मग खरी फायनल उपांत्य फेरीत किंवा त्याआधीच उरकते आणि शेवटच्या रात्री लोक अर्ध्यातून उठून जातात. "नावाजलेला संघ आहे" एवढ्यावर मात्र मानांकन देऊ नका.

एकाच गावचे दोन संघ असतील तर मुख्य चिठ्ठ्यांआधी त्यांचा निकाल लावा, एक वरच्या अर्ध्यात, एक खालच्या. तिसरा असेल तर मोकळ्या कप्प्यात. मुरूडहून तासभर गाडी करून यायचं आणि पहिल्याच सामन्यात शेजारच्या आळीशी खेळायचं, हे कुणालाही आवडत नाही. उरलेल्या चिठ्ठ्या कर्णधारांसमोर लहान मुलाकडून काढून घ्या आणि नाव तिथल्या तिथे घरात लिहा.

वेळापत्रक दोन मैदानं आणि दोन संध्याकाळी धरून करा. सुरुवातीच्या फेऱ्या १५-५-१५ मिनिटांच्या ठेवल्या तरी विश्रांतीकाळ आणि मैदानाची डागडुजी धरून सामन्याला पाऊण तास जातो. पहिल्या दिवशी १४ सामने, म्हणजे प्रत्येक मैदानावर ७. साडेचारला सुरू केलं तर पावणेदहाला संपतं. आधी पहिल्या फेरीचे सहा सामने, मग १०-११ आणि १८-१९ हे दोन, कारण या चारही घरांना बाय आहे आणि ते ताजे आहेत. त्यानंतर पहिल्या फेरीचे विजेते आधीच्याच क्रमाने. असं लावलं की प्रत्येक विजेत्याला मध्ये सव्वादोन तास मिळतात. दुसऱ्या दिवशी उपांत्यपूर्व फेरी दोन्ही मैदानांवर, उपांत्य आणि अंतिम एकाच मैदानावर पूर्ण २०-५-२० मिनिटांचे. अंतिम सामन्याआधी अर्धा तास सोडा. बक्षिसं त्यात उरकू नका, पाहुण्यांची भाषणं तर नकोच.

एखादा संघ आलाच नाही तर समोरच्याला पुढे चाल द्या आणि तक्ता जसाच्या तसा ठेवा. त्या जागी ऐनवेळी दुसरा संघ घुसवायचा नाही, पुन्हा चिठ्ठ्या तर मुळीच टाकायच्या नाहीत. मागे एका गावच्या स्पर्धेत एका गैरहजर संघासाठी सगळी सोडत दुसऱ्यांदा केली आणि तयार होऊन बसलेले तीन संघ निघून गेले.

बाद सामन्यात बरोबरी चालत नाही, तेव्हा पाच-पाच चढाया: सातही खेळाडू मैदानात, चढाईला पाच वेगळे खेळाडू, कुणी बाद होऊन बाहेर जात नाही, आणि निदान रेषाच (चढाईपटूने ओलांडायचीच असते ती रेषा) बोनस रेषा धरायची. तरीही बरोबरी राहिली तर नाणेफेक करून सुवर्ण चढाई, म्हणजे निकालासाठीची जादा चढाई. हे पहिल्या दिवशी चिठ्ठ्या निघाल्यावर सगळ्या कर्णधारांना वाचून दाखवा आणि प्रत्येकाची सही घ्या.