रेडिओवर चालणारी पाणबुडी बनवताय? आपल्या उन्हात आणि आपल्या पाण्यात या चुका टाळा

मे महिन्यातली दुपार होती. साकोलीकडच्या आमच्या गावाबाहेर मामा तलाव आहे, म्हणजे माजी मालगुजारी तलाव. त्याच्या पाळीवर बसून मी पाणबुडीच्या नळीचं (मोटार, रिसीव्हर असतात ती आतली कोरडी नळी) झाकण बसवलं, ओ-रिंगला, म्हणजे झाकणाच्या खाचेतल्या रबरी कड्याला, ग्रीस लावलं, स्क्रू आवळले आणि बोट पाण्यात सोडली. आदल्या दिवशी घरच्या हौदात ती तासभर बुडवून ठेवली होती, तेव्हा एक थेंब आत आला नव्हता. तलावात मात्र वीस मिनिटांत सुकाणू ऐकेनासं झालं. बाहेर काढून झाकण उघडलं तर तळाशी दोन चमचे पाणी आणि त्यात रिसीव्हर.

माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. बोअरच्या पाणबुडी मोटारीची सीलं बदलण्यात माझी वीस वर्षं गेली, त्यामुळे सील चुकीचं बसलं असेल हे मनाला पटेना. आणि ते चुकलंही नव्हतं. चुकली होती झाकण लावायची जागा.

हिशेब साधा आहे. पाळीवर ४५ अंश तापमान होतं, नळीतली हवाही तेवढीच तापलेली. तीच हवा मी कोंडली आणि २८ अंशाच्या पाण्यात उतरवली. हवा थंड झाली की आतला दाब उतरतो. इथे तो पाच टक्क्यांहून थोडा जास्त उतरला, म्हणजे पाण्याच्या भाषेत अर्धा मीटर खोलीएवढा. बोट पृष्ठभागावर तरंगत असतानासुद्धा सीलला ती अर्धा मीटर खाली असल्यासारखाच ताण बसत होता. शिवाय हा दाब आतून बाहेर नव्हता, बाहेरून आत ओढणारा होता. पंख्याचा दांडा फिरतो तिथलं सील अशा ओढीला सगळ्यात आधी हार मानतं.

म्हणून पहिली आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट: झाकण उन्हात लावू नका. नळी उघडीच ठेवून सावलीत अर्धा तास पाण्याच्या बादलीत टेकवून ठेवा, पाणी तोंडाच्या खालीच राहील एवढी. नळी आणि आतली हवा पाण्याएवढी थंड झाली की मगच झाकण लावा. त्याहून चांगला उपाय म्हणजे झाकणावर एक छोटा वायुस्क्रू ठेवायचा. बोट पाण्यात दहा मिनिटं तरंगू द्यायची, झाकण पाण्याच्या वर धरून स्क्रू सैल करायचा, सूं असा आवाज थांबला की पुन्हा आवळायचा. मे महिन्यात हा आवाज तुम्हाला नक्की ऐकू येईल.

ओ-रिंगबद्दल दोन गोष्टी. ग्रीस जास्त लावलं म्हणजे सील घट्ट होतं असं नाही. रिंग ओलसर चकाकली पाहिजे, बस. जाड थरात कापसाचा तंतू, माती, केस चिकटतात आणि तिथूनच पाणी वाट काढतं. आमच्याकडे कापूस वेचणीच्या दिवसांत हवेत तंतू उडत असतात, तेव्हा झाकण लावण्याआधी खाचेतून बोटाचं टोक फिरवून बघा, डोळ्याला न दिसणारं बोटाला लागतं. दुसरं, रिंग सिलिकॉन रबराची असेल तर सिलिकॉन ग्रीस वापरू नका, ती फुगते. साध्या काळ्या नायट्राइल रिंगला सिलिकॉन ग्रीस उत्तम. आणि ॲक्रिलिकची नळी थिनरने पुसू नका. त्या दिवशी काही होत नाही, पण काही दिवसांनी कडेला कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा दिसू लागतात.

आता वजनाचं बघू. इथेच बहुतेक जण कंटाळतात.

मी बनवतो ती आयएनएस कलवरी. मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधलेली, १४ डिसेंबर २०१७ रोजी नौदलात आलेली, साडेसदुसष्ट मीटर लांबीची. १:७२ प्रमाणात ती सुमारे ९४ सेंटीमीटर होते. बाहेरचं फायबरचं कवच पाण्याने भरतं, आतली नळी तेवढी कोरडी राहते. कवचात शिरणारं पाणी सोडून माझ्या बोटीचं वजन चार किलो आहे.

बॅलास्ट टाकी, म्हणजे पाणी भरून बोट बुडवणारी टाकी, अंदाजाने घेऊ नका. टाकीत किती पाणी मावायला हवं, हे बोटच सांगते. टाकी रिकामी ठेवून बोट हौदात सोडा. पाणरेषा हवी तिथे आली की खालून दोऱ्याने शिशाचे तुकडे बांधत जा, कॉनिंग टॉवर (पाठीवरचा मनोरा) नेमका बुडेपर्यंत. मग ते शिसं काढून तोला. शिसंही पाण्यात थोडं हलकं होतं, म्हणून आलेल्या वजनातून नऊ टक्के वजा करा. ४०० ग्रॅम शिसं लागलं असेल तर टाकी ३६४ मिलिलिटरची हवी. मी ४०० ची घेतो, थोडी सूट असू द्यावी.

शिसं नेहमी कण्याच्या तळाशी आणि फोम वर. सगळं शिसं नाकात आणि सगळा फोम शेपटीत असं केलं, तर काट्यावर वजन बरोबर येतं, पण डुबकी मारताना बोट तिरपी होते. फोम कडक घ्या. चपलेचा मऊ फोम दोन-तीन मीटर खाली गेला की दबतो, त्याची उचल कमी होते, बोट आणखी खाली जाते, फोम आणखी दबतो. हे चक्र तळाच्या गाळातच थांबतं. थर्माकोल सुरुवातीला बरा वाटतो, पण दिवसेंदिवस पाणी पितो.

फोम कुठे चिकटवायचा, यालाही क्रम आहे. पाणरेषेच्या वरचा फोम बोट बुडल्यावरच काम करतो, खालचा दोन्ही वेळी करतो. त्यामुळे आधी तरंगणारी बोट सरळ करा ती खालच्या फोमने, आणि मग बुडालेली बोट सरळ करा ती वरच्या फोमने. उलट क्रमाने गेलात तर एक सुधारताना दुसरं बिघडत राहतं आणि अख्खा रविवार जातो.

जानेवारीत जमवलेला तोल मे महिन्यात तसाच चालेल असं धरू नका. २० अंशाचं पाणी लिटरला ९९८.२ ग्रॅम भरतं, ३२ अंशाचं ९९५. माझ्या चार किलोच्या बोटीला हा फरक सुमारे तेरा ग्रॅम पडतो. थंडीत टोकावर आणून ठेवलेली बोट उन्हाळ्यात सरळ तळाला जाते. तलावावरचे ढिवर काका पहिल्यांदा भेटले तेव्हा म्हणाले होते, "वरचं पानी तापते, खालचं थंडच राह्यते." त्यांनी एका वाक्यात सांगितलं, ते मला तराजू घेऊन समजलं. खालचा थंड थर जड असतो, बोट तिथे जाऊन त्यावर टेकल्यासारखी थांबते आणि तुम्हाला वाटतं टाकी बिघडली.

म्हणून टाकी पूर्ण भरल्यावरही बोट दहा-पंधरा ग्रॅम हलकीच ठेवा, पेरिस्कोपचं टोक तेवढं वर दिसेल इतकी. पुढे खाली न्यायचं काम पाणपंखांनी करायचं. मोटार बंद पडली तर अशी बोट आपोआप वर येते. नवख्याच्या हातून सुटलेली बोट परत मिळवून देणारे हेच दहा-पंधरा ग्रॅम.

बुडताना बोट हेलकावत असेल, एका बाजूला कलत असेल, तर आधी कवचात अडकलेली हवा शोधा. कवचाच्या सर्वांत उंच जागी भोकं हवीत, टॉवरमध्येही हवीत, आणि तळालाही हवीत. हौदात बोट बुडवून हाताने हळू गोल फिरवा. जिथून बुडबुडे येतील तिथे ३ मिलिमीटरचं भोक मारा.

२.४ गिगाहर्ट्झचा रिमोट पाण्याखाली चालत नाही. विमानाला, गाडीला उत्तम असलेला हा रिमोट वीत-दीड वीत पाण्यातच संपतो, कारण पाणी ही लहर शोषून घेतं. २७ किंवा ४० मेगाहर्ट्झचा जुना सेट लागतो. तोही सगळ्या पाण्यात सारखा चालत नाही. माझा मावसभाऊ दर्यापूरकडे असतो, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात. आमच्या तलावात दोन मीटर खाली ऐकणारी बोट त्याच्याकडे बोअरच्या पाण्याने भरलेल्या टाक्यात मीटरभर खाली गेली आणि गप्प बसली. पाण्यात क्षार विरघळले की वीज वाहते आणि रेडिओची लहर तिथेच विरते. शेततळ्यात पावसाचं पाणी साठवलेलं असेल तर त्याच भागात बोट बरी चालते. अँटेनाची तार गुंडाळून ठेवू नका, पूर्ण लांबीत पसरा, आणि ती कवचात येत असेल तर तिचं उघडं टोक पाण्याला लागू देऊ नका, अराल्डाइटने बंद करा. ब्रशवाल्या मोटारीच्या टोकांवर १०४ नंबरचे सिरॅमिक कपॅसिटर लावा, नाहीतर मोटार सुरू होताच सर्वो (सुकाणू, पाणपंख हलवणाऱ्या छोट्या मोटारी) थरथरतात.

सिग्नल तुटला की टाकी रिकामी व्हावी आणि मोटार थांबावी, यासाठी फेलसेफ हवाच. जुन्या सेटमध्ये तो नसतो, वेगळा जोडावा लागतो. पाण्यात नेण्याआधी हौदात बोट बुडवून रिमोट बंद करून बघा. वर आली तरच तलावावर न्या.

वेगाचा मोह नको. खऱ्या बोटीचा २० नॉटचा वेग १:७२ ला सेकंदाला १.२ मीटर होतो, म्हणजे आपली भरभर चाल. त्यापेक्षा जोरकस मोटार लावली की पंख्याच्या उलट्या ओढीने बोट कुशीवर पडते. लेड-ॲसिड बॅटरी बंद नळीत चार्ज करू नका. तिच्यातून हायड्रोजन निघतो आणि एका ठिणगीने नळी फुटते.

तलाव निवडताना मच्छीमार सोसायटीला विचारा. शिंगाड्याचे वेल आणि जाळी कुठे आहेत, ते त्यांनाच ठाऊक असतं. प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यात बोट अडकली तर तिच्यामागे उतरू नका. तो उतार शेवाळाने निसरडा असतो आणि पोहता येणाऱ्यालाही वर चढता येत नाही. काठावर खुंटीला दोर बांधून पाण्यात सोडून ठेवा, एकटे जाऊ नका. पहिल्या दहा डुबक्यांना बोटीला चार मीटर नायलॉन दोरी आणि तिच्या टोकाला रिकामी बाटली बांधा, म्हणजे बोट कुठे आहे ते दिसतं आणि ओढूनही आणता येतं.

घरी आल्यावर नळी उघडण्याआधी बाहेरून कोरडी पुसा, नाहीतर झाकणावरचं पाणी आत सांडतं आणि गळती झाली असं वाटतं. मी नळीच्या तळाशी टिपकागदाची पट्टी ठेवतो, तिच्यावर शाईच्या पेनाने बोटभर अंतरावर रेघा मारलेल्या. ज्या रेघेची शाई पसरलेली दिसेल, त्याच्याच वर सील बघायचं.