वचन आणि व्यवहार : घरगुती प्रार्थना सभा कशी चालवावी

ठाण्यापासून पनवेलपर्यंतच्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत (म्हणजे चर्चच्या समुदायांत) आठवड्यातून एकदा कुणाच्या तरी घरी सभा भरते. गीत, प्रार्थना, शास्त्रपाठ म्हणजे बायबलचं वाचन, दोन शब्द, चहा, आणि 'सलाम' म्हणून सगळे आपापल्या घरी. शास्त्रपाठ झाला की चालवणारा हमखास म्हणतो, "आता हे वचन आपल्या जीवनाला लागू करू या." तिथून पुढे सगळी वाक्यं एकाच साच्यातून निघतात. प्रेम करावं, क्षमा करावी, प्रभूवर भार टाकावा. चुकीचं त्यात काही नाही, पण हे सांगायला तो अध्याय वाचायची गरजच नव्हती.

माझ्या मते 'लागू करण्याची' ही घाईच नडते. मजुरी, वजनकाटा, कर्ज, आजारपण, सभेत कुणाला कुठे बसवायचं, हे सगळं शास्त्रात आधीच लिहिलेलं आहे. आपण ते ओलांडून थेट तात्पर्याकडे पळतो. तिथे थांबायचं कसं, एवढंच पुढे सांगितलं आहे. कॅथलिक पॅरिशमधल्या (धर्मग्रामातल्या) छोट्या समूहांनाही हीच पद्धत चालेल.

उतारा ठरवताना

शक्यतो रविवारचाच उतारा घ्या. कॅथलिक उपासनेत रविवारची वाचनं तीन वर्षांच्या चक्रात फिरतात, त्यामुळे तिथे प्रश्नच येत नाही. जिथे असा क्रम नसतो तिथे पाळकसाहेबांना (मंडळीच्या धर्मगुरूंना) आधी फोन करून विचारावं. रविवारी उपदेश ऐकलेला असतो, त्यामुळे सभेत पुन्हा उपदेश करायचा मोह थोडा कमी होतो.

कुणाला टोचण्यासाठी मात्र उतारा निवडू नका. ज्या घरात सासू-सुनेचं बिनसलंय तिथेच नेमकं सासूला न सोडणाऱ्या सुनेचं, रूथचं पुस्तक काढलं, तर त्यामागचं कारण सगळ्यांना कळतं, आणि सुनेला सर्वांत आधी.

एका ओळीवर सभा नको

यिर्मया २९:११ हे वचन आपल्याकडे किती भिंतींवर टांगलेलं आहे! देवाने आपल्यासाठी हिताचे संकल्प केले आहेत, आशा दिली आहे. दहावीच्या परीक्षेला, नोकरीच्या मुलाखतीला, घराच्या कर्जाला, सगळीकडे तेच. पण हे वचन एका पत्रातलं आहे, आणि ते पत्र यरुशलेमहून बाबेलला (बॅबिलॉनला) बंदिवान म्हणून नेलेल्या लोकांना गेलं होतं. इ.स.पू. ५९७ मध्ये यखन्या राजासह जे नेले गेले, ते हे लोक. दोन वर्षांत सगळं परत मिळेल असं हनन्या नावाचा संदेष्टा सांगत होता (अध्याय २८), आणि लोकांना तेच ऐकायचं होतं. यिर्मया संदेष्टा मात्र लिहितो, सत्तर वर्षं लागतील. तोवर घरं बांधा, मळे लावा, मुलाबाळांची लग्नं करा, आणि ज्या शहरात तुम्हाला नेलं आहे त्याचं हित पाहा, त्याच्यासाठी प्रार्थना करा.

आता हेच नवी मुंबईत बसून वाचा. १९७० मध्ये शहर उभारणारी सरकारी संस्था सिडको स्थापन झाली, त्यानंतर खाडीकाठच्या गावांच्या आसपास हे शहर उभं राहिलं. मंडळीत बघा, कुणी नगरकडचं, कुणी जालन्याचं, कुणी सोलापूरचं. निम्म्यांचं 'आमच्या गावाकडे' अजून सुटलेलं नसतं. आपल्याला कुणी बंदिवान करून आणलं नाही, हे खरं. तरीही "हे शहर आपलं मानून तुम्ही काय करता?" असं विचारून बघा. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेला किती जण जातात? पाण्याची टाकी साफ करण्याची वर्गणी मागायला वॉचमन आला की कोण दार उघडत नाही? पाचव्या ते सातव्या वचनांपासून सुरुवात केली की अकराव्यातली आशा आपोआप जमिनीवर येते.

गोष्टीतला व्यवहार आधी

सगळ्यांत जास्त वेळ इथे द्या. मत्तय २०:१-१६, द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा दाखला, हे सरावासाठी उत्तम उदाहरण आहे.

एकाने मोठ्याने आणि सावकाश वाचावं. मग तात्पर्याचा शब्दही न काढता फक्त काय घडलं ते गटाला सांगायला लावा. मालक पहाटे बाहेर पडतो, दिवसाची मजुरी ठरवून माणसं घेतो. पुन्हा तिसऱ्या तासाला जातो, सहाव्या, नवव्या आणि अकराव्या तासाला. आपल्या घड्याळात ते साधारण सकाळचे नऊ, दुपारचे बारा, तीन आणि संध्याकाळचे पाच. पाच वाजता उभ्या असलेल्यांना तो विचारतो, दिवसभर इथे रिकामे का उभे आहात? ते म्हणतात, आम्हाला कुणी कामावर लावलंच नाही. तो त्यांनाही मळ्यात पाठवतो, आणि संध्याकाळी सगळ्यांना सारखीच, पूर्ण दिवसाची मजुरी देतो. सकाळपासून राबलेले कुरकुरतात.

हे चित्र आपल्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. सकाळी आठला कुठल्याही मोठ्या नाक्यावर बिगारी, गवंडी, रंगारी डबा पिशवीत घालून उभे असतात. दहा वाजून गेले की ठेकेदार येत नाहीत. तरी काही जण उभेच राहतात, कारण रिकाम्या हाताने घरी जायची लाज वाटते.

कोपरखैरण्यातल्या एका सभेत हा उतारा निघाला होता. बाजारात अनेक वर्षं माथाडीचं काम केलेले एक काका कोपऱ्यात भिंतीला टेकून बसले होते. एरवी ते फक्त आमेन म्हणतात. ते म्हणाले, "पाचला घेतलेल्याला तासाभराचेच पैसे दिले असते, तर त्याच्या घरी पीठ आलं असतं का?" लगेच कंपनीत सुपरवायझर असलेला एक तरुण उसळला. "आणि सकाळपासून उन्हात राबलेल्याचं काय? माझ्या लाइनवर असं केलं तर दुसऱ्या दिवशी कामावर कोणी येणार नाही." चहा निवला तरी वाद मिटला नाही. ती सभा उत्तम झाली असं मी म्हणेन. मजुरांची कुरकुर दाखल्यातच आहे, ती आपण दाबून टाकायची नसते.

वाद रंगला की जोडीचा उतारा काढा. लेवीय १९:१३ मध्ये मजुराची मजुरी सकाळपर्यंत आपल्याजवळ ठेवू नये अशी आज्ञा आहे. 'अनुवाद' या बायबलमधल्या पुस्तकात २४:१५ म्हणतं, त्याच दिवशी सूर्य मावळण्याआधी द्या, कारण तो गरीब आहे आणि त्याचं मन तिकडे लागलेलं असतं. आता मत्तयाकडे परत या. संध्याकाळ होताच मालक कारभाऱ्याला हिशेब चुकता करायला सांगतो. म्हणजे उदार होण्याआधी तो नियम पाळणारा आहे.

एवढं झाल्यावरच स्वर्गाच्या राज्याकडे वळा, कारण दाखल्याची सुरुवातच त्या शब्दांनी आहे. मागच्या अध्यायाच्या शेवटी येशूचा शिष्य पेत्र याने विचारलेलं असतं, आम्ही सगळं सोडून आलो, आम्हाला काय मिळणार? त्या प्रश्नाला लागूनच हा दाखला येतो. त्याचा कामगार कायदा करू नका. पण कृपेच्या भरात मजुरीही विसरू नका.

आपल्याकडे ख्रिस्ती कीर्तनाची परंपरा आहे. त्यात पूर्वरंगात निरूपण आणि उत्तररंगात आख्यान असतं. सभेत मी क्रम उलटा करायला सांगतो. आख्यान आधी, निरूपण जमलं तर.

प्रश्न कसे विचारावेत

"यातून आपण काय शिकलो?" हा प्रश्न सरळ बंद करा. त्याला संडे स्कूलची उत्तरं येतात. त्याऐवजी गोष्टीतल्या एका माणसाच्या जागी उभं करा : कारभाऱ्याला काय वाटलं असेल? शेतमालक बवाजाने कापणाऱ्यांना रूथसाठी मुद्दाम कणसं टाकायला सांगितली (रूथ २), त्यातलं कुणी कुरकुरलं असेल का? याकोब २ मध्ये सोन्याची अंगठी घातलेला पाहुणा येतो. आपल्या सभेत खुर्ची कुणाला मिळते आणि चटई कुणाला?

आजारपण आणि कर्ज

इथे जपून. सगळं गमावून आजारी पडलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ न बोलता बसले, तोवर ते बरोबर होते. बिघडलं ते बोलायला लागल्यावर. हॉस्पिटलात भेटायला गेल्यावर "विश्वासात कुठे कमी पडलात का?" हे वाक्य तोंडातून निघता कामा नये. दुःखाच्या घरी स्तोत्र १३ वाचा. "किती काळ" हे देवाला विचारणं तिथे पाप ठरत नाही.

कर्जाचा विषय निघाला तर नहेम्या ५ हाताशी ठेवा. धान्यासाठी शेतं गहाण टाकणारी माणसं, आणि त्यांच्याकडून व्याज घेणारे त्यांचेच भाऊबंद. नहेम्या ते व्याज आणि शेतं परत करायला लावतो. भिशी आणि मोबाइलवरच्या झटपट कर्जांच्या दिवसांत हा अध्याय इतका कमी का वाचला जातो, कळत नाही. मात्र कुणाच्या घरचा आकडा सभेत विचारू नका, आणि कुणाचं दुखणं त्याला न विचारता प्रार्थनेचा विषय म्हणून मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकू नका.

शेवटची दहा मिनिटं

प्रत्येकाने पुढच्या सभेपर्यंत करायची एक गोष्ट ठरवावी. "मी प्रामाणिक राहीन" हे धरलं जाणार नाही. "घरकामाच्या मावशींचा पगार एक तारखेलाच देईन, आठवडाभर रखडवणार नाही" हे धरलं जाईल. ज्याला मोठ्याने सांगायचं नसेल त्याने मनात ठेवावं.

वेळ पाळा. साडेआठला सुरू केलीत तर साडेनऊला संपवा. कुणाला रात्रपाळी असते, कुणाला पहाटेची ट्रान्स-हार्बर लोकल, आणि शेजाऱ्यांच्या मुलांना झोपायचं असतं. सोसायटीत घर असेल तर स्पीकर नकोच.

पुढच्या वेळी गीताआधी ठरवलेल्या गोष्टींची विचारपूस करा. ज्याचं झालं नाही त्याला कारण विचारायचं नाही, फक्त अजून एक आठवडा द्यायचा. आणि सभेत कुणी असा प्रश्न काढला की ज्याचं उत्तर तुमच्याकडे नाही, तर तो वहीत लिहून रविवारी पाळकसाहेबांपुढे ठेवा. उपासना सुटल्यावर लगेच गाठा, म्हणजे ते दुसऱ्या भेटींना निघून जाणार नाहीत.