खिडकी कधी उघडता? ठाणेकरांनो, श्वासाच्या बाबतीत या चुका टाळा

मागच्या डिसेंबरात सासूबाईंचा खोकला काही केल्या हटेना. गावची सवय, त्यामुळे पहाटे साडेपाचला उठून त्या सगळ्या खिडक्या सताड उघडत आणि गॅलरीत प्राणायामाला बसत. आमची गॅलरी घोडबंदर रोडच्या बाजूची. नऊ वाजेपर्यंत त्यांना धाप लागलेली असे. औषधं बदलून झाली, खिडकीची वेळ बदलावी हे मात्र आमच्या लक्षात यायला तीन आठवडे गेले.

पहाटेची हवा शुद्धच, असं धरून चालणं

गावाकडे ते खरं असेलही. इथे थंडीत रात्री जमीन गार होते, तिच्यालगतची हवाही गार आणि जड होते. तिच्यावर उबदार हवेचा थर झाकणासारखा बसतो. रात्रभर चाललेल्या ट्रकांचा धूर, बांधकामांची धूळ, कुठेतरी पेटवलेला कचरा, सगळं त्या झाकणाखाली आपल्या नाकाच्या उंचीवर साचून राहतं. ऊन चढल्यावर ते झाकण सुटतं आणि दुपारी समुद्राकडचा वारा आला की हवा हलते. म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी आम्ही खिडक्या दुपारी बारा ते चार उघडतो. आईंचा प्राणायाम आणि फेरफटका चारच्या सुमारास होतो. दीर्घ श्वास चांगलाच, पण धुरात घेतला तर धूरही तेवढाच खोल जातो. पावसाळ्यात हा नियम लागू नाही. तेव्हा पाऊस हवा धुऊन काढतो, उलट घरात ओल आणि बुरशी धरू नये म्हणून खिडक्या उघड्याच हव्यात.

मोबाइलवरचा आकडा आत्ताचा समजणं

'समीर' या सरकारी ॲपवरचा हवेचा निर्देशांक धूलिकणांसाठी मागच्या २४ तासांची सरासरी धरतो. आकडा १२० दिसतोय म्हणजे या क्षणी खाली रस्त्यावर तेवढंच आहे असं नाही. दुसऱ्या ॲपवर वेगळा आकडा दिसला तरी गोंधळू नका, बरीच ॲप्स अमेरिकेची मोजपट्टी वापरतात आणि ती वेगळी आहे. आपल्याकडे २०० च्या पुढे 'खराब' सुरू होतं. दमेकऱ्यांनी मात्र १०० ओलांडल्यापासूनच जपावं.

घरातला धूर धूर न मानणं

बाहेरच्या हवेला नावं ठेवताना आपण बंद बेडरूममध्ये डासांची कॉइल लावून झोपतो. एका कॉइलमधून निघणारे अतिसूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके असतात, असं २००३ च्या एका अभ्यासात मोजलं गेलं आहे. मच्छरदाणी लावा, खरंच. देवापुढची उदबत्ती बंद करा असं मी म्हणणार नाही, आमच्याकडेही लागते. पण खिडकी उघडी ठेवून आणि लहान बाळ दुसऱ्या खोलीत असताना. फोडणीआधी एक्झॉस्ट फॅन सुरू करा, ठसका लागल्यावर नव्हे. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, खोलीतलीच फिरवतो, हेही लक्षात असू द्या.

गॅस गीझर बाथरूमच्या आत असेल तर तो आजच बाहेर काढून घ्या. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि चक्कर येईपर्यंत काही कळत नाही.

कबुतरांची विष्ठा कोरडी झाडणं

आपल्या टॉवरांमधली ही सगळ्यात दुर्लक्षित चूक. डक्टमध्ये आणि एसीच्या बाहेरच्या युनिटवर साचलेली विष्ठा झाडूने झाडली की तिची भुकटी उडते. ती वारंवार श्वासात गेली तर काहींच्या फुप्फुसांना ॲलर्जीची सूज येते आणि दुर्लक्ष झालं तर कायमचे व्रण पडतात. लक्षणं साधी, कोरडा खोकला आणि जिना चढताना दम. त्यामुळे डॉक्टरांना सांगताना कबुतरांचा उल्लेख आवर्जून करा. साफ करताना आधी पाणी शिंपडून भिजवा, एन-९५ मास्क लावा, मग पुसून घ्या. रुमाल बांधून भागत नाही. अतिसूक्ष्म कण केसाच्या जाडीच्या साधारण तिसाव्या हिश्शाएवढे असतात, ते रुमालाच्या विणीतून सहज पार होतात. गॅलरीला जाळी लावा आणि सोसायटीत दाणे टाकणाऱ्या काकांशी भांडण न करता एकदा शांतपणे बोला.

इनहेलरला घाबरणं

"सवय लागेल" म्हणून आईंनी पंप दोन महिने कपाटात ठेवला होता. इनहेलरचं व्यसन लागत नाही. औषध थेट श्वासनलिकेत पोहोचतं, म्हणून गोळीपेक्षा कितीतरी कमी मात्रेत काम होतं. बरं वाटलं म्हणून रोजचा पंप आपल्या मनाने बंद करू नका. वयस्कर माणसांना दाबणं आणि ओढणं एकाच वेळी जमत नाही, त्यांना स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, द्या. स्टेरॉइडचा पंप असेल तर नंतर चूळ भरायला लावा, नाहीतर तोंड येतं.

एक वाक्यही एका दमात पुरं होत नसेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा पंप घेऊनही धाप उतरत नसेल, तर वाफ देत बसू नका. १०८ ला फोन लावा आणि माणसाला आडवं न करता बसवून ठेवा.