फौज गेल्यावर लोकशाही उरते का? अभ्यासिकेत तक्ता मांडायची पद्धत

सप्टेंबर लागला की मराठवाड्यातल्या वाचनालयांत मुक्तिसंग्रामावर भाषणं ठरतात. त्याच आठवड्यात एक बैठक या प्रश्नावर घ्यावी: बाहेरच्या फौजेने एखादी राजवट पाडली, तर मागे लोकशाही रुजते का? राज्यसेवेच्या मुलाखतीची तयारी करणाऱ्यांना तर हा प्रश्न कुठल्या ना कुठल्या रूपात भेटतोच. फक्त याची वादविवाद स्पर्धा करू नये. बाजू वाटून दिल्या की एक गट जर्मनी-जपान म्हणतो, दुसरा इराक-अफगाणिस्तान म्हणतो आणि तासाभराने दोघंही आले तसे घरी जातात. त्यापेक्षा भिंतीवर तक्ता लावा आणि प्रत्येक चौकोनात तारीख किंवा आकडा मागा.

बारा ते पंधरा जण पुरेत. वेळ अडीच तास. दोन मोठ्या ड्रॉइंग शीट आडव्या चिकटवायच्या, पट्टीने रेघा आखायच्या आणि भरायचं शिसपेन्सिलीने, स्केचपेन शेवटी. दोघा-दोघांकडे एकेक देश द्यावा आणि तो आठवडाभर आधी द्यावा. ऐनवेळी मोबाइलवर शोधून आणलेली माहिती सगळ्यांची सारखीच असते, म्हणजे चुकाही सारख्याच.

देश आठ घ्या: जर्मनी, जपान, पनामा, बांगलादेश, बोस्निया, अफगाणिस्तान, इराक, लिबिया. यातले पनामा आणि बांगलादेश वगळायचा मोह होतो. वगळू नका, कारण आपली आधीच ठरलेली मतं मोडायला हेच दोन कामी येतात. खाली एका ओळीत स्पेन आणि पोर्तुगाल लिहून ठेवा. १९७०च्या दशकात दोघांकडेही बाहेरची फौज न येता लोकशाही आली. हे समोर नसलं की जिथे फौज गेली आणि लोकशाही आली तिथे ती फौजेमुळेच आली, असं गृहीत धरलं जातं.

आता रकाने. पहिला, आधी काय होतं. दुसरा, दप्तर आणि पगार. तिसरा, बंदुका कुणाकडे. चौथा, निवडणुका कोणत्या क्रमाने आणि कोणत्या पद्धतीने. पाचवा, जमीन. सहावा, हरलेला घरी गेला का. सातवा, फौज आणि पैसा निघून गेल्यावर पाच वर्षांनी काय दिसलं. वर्षं मोजायची ती फौज आल्यापासून नव्हे, निघाल्यापासून. मांडव उभा असेपर्यंत सगळंच उभं दिसतं.

पहिल्या रकान्यात 'संस्कृती' हा शब्द लिहू देऊ नका. संस्था लिहा: निवडणुका झाल्या होत्या का, पक्ष होते का, न्यायालयं होती का. जपानची संसद १८९० पासूनची, सगळ्या प्रौढ पुरुषांना मताचा हक्क १९२५ पासूनचा. जर्मनीत १९१९ ते १९३३ प्रजासत्ताक होतं. १९४९ मध्ये पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर, म्हणजे सरकारप्रमुख, झालेले आडेनाउअर हे १९३३ पर्यंत कोलोनचे महापौर होते. म्हणजे दोन्हीकडे बी जमिनीत होतंच, वर माती पडली होती. इथे हमखास कुणीतरी म्हणेल की मुस्लिम देशांत हे जमतच नाही. त्याला इंडोनेशिया विचारा. १९४५ साली सम्राटाला देव मानणाऱ्या जपानबद्दलही पुष्कळ जाणकार हेच बोलत होते.

दुसऱ्या रकान्याला सगळ्यात जास्त वेळ द्या, निदान चाळीस मिनिटं. आपल्याकडे हा रकाना समजावून सांगायला फार लांब जावं लागत नाही. निजामाची राजवट १९४८ मध्ये संपली, पण जमिनीचा वाद तहसीलमध्ये गेला की आजही जुन्या नोंदी काढाव्या लागतात. १९५४-५५चं खासरा पत्रक, म्हणजे जमीन कुणाची याची जुनी नोंद, वकील मागतातच. मराठा आरक्षणाच्या वादात निजामकाळच्या हैदराबाद गॅझेटचं नाव २०२५ साली चहाच्या टपरीवरही निघत होतं. राज्य गेलं, दप्तर राहिलं. जिथे दप्तर राहतं तिथे सोमवारी सकाळी कुणीतरी खुर्चीवर येऊन बसतो, दाखला देतो, पाणी सोडतो, शिक्षकाचा पगार काढतो. नव्या सरकारवर लोकांचा पहिला विश्वास बसतो तो इथे. राज्यघटना त्यानंतर येते.

याच रकान्यात जपान आणि इराक शेजारी-शेजारी मांडा. जपानमध्ये अमेरिकनांनी कारभार जपानी सरकार आणि जपानी नोकरशाहीमार्फतच चालवला. वरची माणसं बदलली, खालची यंत्रणा ठेवली. इराकमध्ये ९ एप्रिल २००३ला बगदाद पडलं आणि सरकारी कचेऱ्यांची लूट सुरू झाली. टेबलं, फायली, भिंतीतल्या वायरीसुद्धा गेल्या. १६ मेला अमेरिकन प्रशासनाचा पहिला आदेश निघाला: सद्दामच्या बाथ पक्षाच्या वरच्या श्रेणीतल्यांना सरकारी नोकरीतून काढा. पक्षाचं सदस्यत्व घेतल्याशिवाय बढती नाही अशा देशात याचा अर्थ मुख्याध्यापक, अभियंते, डॉक्टर घरी. २३ मेला दुसरा आदेश: सैन्य बरखास्त. सुमारे चार लाख माणसांचा पगार बंद झाला आणि त्यांतल्या बऱ्याच जणांच्या घरी शस्त्र होतं. चौकोनात एवढंच लिहा: दोन आदेश, आठ दिवस. तिसऱ्या रकान्याचं उत्तर इथूनच येतं.

पगार कोण देतो, हे वेगळं विचारा. अफगाणिस्तानात सरकारी खर्चाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग परदेशी मदतीतून यायचा. जे सरकार आपल्या लोकांकडून कर घेत नाही, त्याला लोक हिशेबही मागत नाहीत. त्याचा हिशेब देणगीदारांच्या राजधानीत होतो. पटावर असलेले आणि प्रत्यक्षात नसलेले सैनिक हा प्रकार यातूनच वाढला. १५ ऑगस्ट २०२१ला काबूल पडलं तेव्हा कागदावर तीन लाखांची फौज होती. मस्टरवर नावं आणि कामावर माणूस नाही, हे दृश्य आपल्याला नवं नाही. इथे त्याची किंमत एक देश होती.

बंदुकांचा रकाना लवकर भरतो. लिबियात नाटोने, म्हणजे अमेरिका-युरोपच्या लष्करी युतीने, २०११ मध्ये हवाई हल्ले केले, जमिनीवर मोठी फौज उतरवलीच नाही. राजवट पाडली ती स्थानिक टोळ्यांनी. मग नव्या सरकारने त्याच टोळ्यांना पगार सुरू केला, त्यांना एका हुकमाखाली आणण्याआधीच. जुलै २०१२ची निवडणूक चांगली झाली होती, मतदान साठ टक्क्यांच्या वर होतं. दोन वर्षांत देशात दोन सरकारं झाली. याच्या उलट टोक पनामा: अमेरिकेने पाडलेला हुकूमशहा नोरिएगा गेल्यावर तिथलं सैन्यच मोडीत काढलं. मग 'सैन्य बरखास्त करणं चूक' असा नियम काढायचा की 'बरोबर'? इथे गट अडकतो आणि अडकू द्यावा. पनामाचं सैन्य लहान होतं, पोलीसदल उभं करताना त्यातलेच बरेच लोक घेतले आणि पदच्युतांना जाऊन मिळायला देशात कुठलं मोठं बंड नव्हतं. नियम सैन्य ठेवायचं की मोडायचं हा नाही. त्या माणसांचं दुसऱ्या दिवशी काय करायचं ठरलंय, हे बघायचं.

निवडणुकीचा रकाना स्पर्धा परीक्षावाल्यांना आवडतो, कारण यात नियम आहेत. क्रम पाहा. जर्मनीच्या अमेरिकन विभागात जानेवारी १९४६ मध्ये आधी लहान गावांच्या निवडणुका झाल्या, मग वरच्या, मग प्रांतांच्या. देशाची ऑगस्ट १९४९ मध्ये. साडेतीन वर्षं खालून वर. बोस्नियात डिसेंबर १९९५ला युद्ध थांबवणारा करार आणि सप्टेंबर १९९६ला थेट वरपर्यंतचं मतदान. ज्यांनी युद्ध लढवलं तेच तीन राष्ट्रवादी पक्ष जिंकले, कारण नऊ महिन्यांत दुसऱ्या कुणाचं संघटन उभंच राहू शकत नव्हतं. पाऊस पडला म्हणून लगेच तिफण घालत नाहीत, वाफसा बघतात. फार उशीर झाला तरी ओल उडते, हेही खरंच.

पद्धत म्हणजे मतपत्रिकेचं गणित. दोन उदाहरणं फळ्यावर करून दाखवा, प्रत्येकी दहा मिनिटं.

इराकमध्ये ३० जानेवारी २००५ला २७५ जागांसाठी संपूर्ण देश हा एकच मतदारसंघ होता; मिळालेल्या मतांच्या प्रमाणात जागा. आता समजा मराठवाड्याने बहिष्कार टाकला. आपल्या पद्धतीत नांदेडला पाच टक्के मतदान झालं तरी नांदेडचा आमदार निवडून येतोच, जागा रिकामी राहत नाही. एकाच मतदारसंघात मात्र जे बाहेर पडले नाहीत त्यांच्या जागा बाकीच्यांकडे जातात. सुन्नी अरबांनी मोठ्या प्रमाणावर बहिष्कार घातला आणि राज्यघटना लिहिणाऱ्या सभागृहात ते नावापुरते उरले. त्या घटनेला त्यांनी आपली मानलं नाही, यात नवल ते काय.

दुसरं अफगाणिस्तानचं. काबूल प्रांताच्या जागा ३३ आणि मतदाराला मत एकच. आपल्या ग्रामपंचायतीच्या वॉर्डात तीन जागा असल्या तर मतंही तीन असतात, म्हणून पॅनल उभं राहतं. तीच ग्रामपंचायत एका मतावर लढवून बघा: पॅनलच्या लोकप्रिय उमेदवाराला गठ्ठा मतं पडतात, ती दोघा सहकाऱ्यांच्या उपयोगी येत नाहीत, आणि चौथाच कुणी थोडक्या मतांवर निवडून येतो. पॅनल करण्यात फायदाच उरत नाही. काबूलमध्ये शेकडो उमेदवार, मतपत्रिका कित्येक पानांची, आणि पक्ष काही उभे राहिले नाहीत. २०१९च्या अध्यक्षीय निवडणुकीत सुमारे ९६ लाखांची नोंदणी होती आणि मोजली गेलेली मतं १८ लाखांच्या आसपास.

जमिनीचा रकाना बहुतेक देशांत रिकामा राहील. रिकामा ठेवा, ओढूनताणून भरू नका. जपानचा भरा: परगावी राहणाऱ्या मालकांची कुळांकडची सगळी जमीन सरकारने घेतली, गावात राहणाऱ्यांना साधारण अडीच एकरांपर्यंतच कुळाकडे ठेवता आली. कुळवहिवाटीखालचं क्षेत्र ४६ टक्क्यांवरून दहाच्या आसपास आलं. त्यानंतरचा जपानी शेतकरी नव्या व्यवस्थेच्या बाजूने का राहिला, ते वेगळं सांगावं लागत नाही.

याच ठिकाणी कुणीतरी हैदराबादचं नाव काढतं, त्यामुळे तयारी ठेवा. हैदराबाद मुख्य तक्त्यात घालू नका. खाली तुटक रेघ मारून तुलनेसाठी लिहा. निजाम सरकारने सुरक्षा परिषदेत तक्रार नेली होती, पण भारताची भूमिका हा अंतर्गत प्रश्न असल्याची होती, आणि इथल्या बहुसंख्य लोकांनी पोलीस ॲक्शनला, म्हणजे १९४८च्या भारतीय लष्करी कारवाईला, मुक्तीच मानलं. शिवाय ही पेरणी नव्हती, कलम होतं. केशर आंब्याची काडी गावरान कोयीवर बांधतात, तसं हे संस्थान तयार होत असलेल्या राज्यघटनेला जोडलं गेलं. मोडलं असतं तर सांभाळायला दिल्ली होती. काबूलला तसं कुणी नव्हतं.

रकाने मात्र भरून बघण्यासारखे आहेत. आधी काय होतं: १९३८ची स्टेट काँग्रेस, तिच्यावर लगेच बंदी, हिप्परगा, अंबाजोगाई इथल्या राष्ट्रीय शाळा, स्वामी रामानंद तीर्थांची संघटना. फौज: १३ ते १७ सप्टेंबर १९४८. लष्करी गव्हर्नर जनरल चौधरी डिसेंबर १९४९ पर्यंत, मग मुलकी अधिकारी वेलोडी, आणि १९५२च्या निवडणुकीनंतर बुर्गुल रामकृष्ण राव यांचं मंत्रिमंडळ. जमीन: १९४९ला जहागिरी खालसा, १९५०चा कुळकायदा. दप्तराच्या चौकोनात वजाबाजूही लिहा: बाहेरच्या प्रांतांतून आणलेल्या अधिकाऱ्यांमुळे १९५२ला मुलकी, म्हणजे स्थानिकांच्या नोकऱ्यांसाठीचं, आंदोलन पेटलं. आणि कारवाईनंतर मुसलमानांवर जो हिंसाचार झाला, त्यात उस्मानाबाद आणि नांदेड हे सर्वांत जास्त होरपळलेल्या जिल्ह्यांत होते. भारत सरकारने चौकशीला पाठवलेल्या सुंदरलाल समितीचा अंदाज २७ ते ४० हजार मृत्यूंचा आहे. हा चौकोन काही जण गाळायला सांगतील. गाळला तर बाकीच्या आठ देशांचे चौकोन भरायचा आपल्याला काय अधिकार उरतो? रझाकारांचे अत्याचार त्याच ओळीत, त्याआधी, तितक्याच स्पष्ट लिहा. आवाज चढले तर पाच मिनिटांची चहाची सुट्टी द्या, चौकोन मात्र भरूनच पुढे जा.

सहावा रकाना माझ्या मते तक्त्याचा कणा आहे. पहिली निवडणूक फौजेच्या पहाऱ्यात कुणीही घेऊ शकतं. पनामात मे १९८९ला निवडणूक जिंकलेल्या एंदारांना अमेरिकन फौजेने डिसेंबरात सत्तेवर बसवलं. पण १९९४ला नोरिएगाच्याच जुन्या पक्षाचा उमेदवार जिंकला आणि एंदारांनी सत्ता सोपवली. पाडलेल्यांना मतपेटीतून परत येता आलं. इथे हिरवी खूण करा. बांगलादेशात सगळं अनुकूल दिसत होतं: १९७०ला लोकांनीच निवडलेलं नेतृत्व, भारतीय फौज मार्च १९७२ पर्यंत परत, त्याच वर्षी राज्यघटना. मार्च १९७३ला शेख मुजीब यांच्या अवामी लीगला ३०० पैकी २९३ जागा. हरून घरी जाण्याची वेळच कुणावर आली नाही. १९७४ला दुष्काळ, जानेवारी १९७५ला एकपक्षीय राजवट, ऑगस्टमध्ये मुजीबांची हत्या. फौज लवकर निघाली की झालं, हा समज इथे संपतो.

शेवटी गुणांची बेरीज करू नका. सात रकान्यांना दहा-दहा गुण दिले की जर्मनी पहिला आणि अफगाणिस्तान शेवटचा येतो, आणि हे तर आल्या दिवशीच माहीत होतं. त्याऐवजी प्रत्येक ओळीत सगळ्यात आधी तडा कुठे गेला, त्या चौकोनाला लाल वर्तुळ करा. इराकचं दुसऱ्या रकान्यात येईल, लिबियाचं तिसऱ्या, बांगलादेशचं सहाव्या. बोस्नियाचा सातवा रकाना भरताच येत नाही, कारण १९९७ पासून निवडून आलेल्यांनाही पदावरून काढण्याचा अधिकार असलेला आंतरराष्ट्रीय प्रतिनिधी तिथे बसला. त्यात 'बाहेरचा हात अजून निघाला नाही' असं लिहा.

इराकच्या सहाव्या चौकोनावर एकमत होणार नाही. २०१८ला पंतप्रधान अबादी पायउतार झाले, रक्त न सांडता. २०२१ला सर्वाधिक, ७३ जागा जिंकलेल्या, शिया धर्मगुरू मुक्तदा सद्र यांच्या गटाच्या खासदारांनी २०२२च्या जूनमध्ये राजीनामे दिले आणि ऑक्टोबरात उरलेल्यांनी सरकार बनवलं. दोन्ही नोंदी एकाखाली एक लिहा आणि हा चौकोन शिसपेन्सिलीतच ठेवा.