गरोदरपणात पायाला चिखल्या झाल्यास काय करावे

पायाची करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट यांच्या बेचक्यात त्वचा पांढुरकी होऊन ओलसर फुगते, तिचे पापुद्रे सुटतात आणि मोजे काढल्याबरोबर इतकी खाज सुटते की हात आवरत नाही, तेव्हा त्या बहुधा चिखल्या, म्हणजे त्वचेचा बुरशीसंसर्ग, असतात. ही बुरशी त्वचेच्या सर्वांत वरच्या, मृत थरावर जगते; ती रक्तात उतरून गर्भापर्यंत पोहोचत नाही. गरोदरपणात घाम वाढतो, पावलांवर सूज येऊन बोटे एकमेकांना चिकटतात आणि पोट वाढल्यावर स्वतःची पावले नीट दिसतही नाहीत, त्यामुळे हा त्रास नकळत बळावतो.

उपचाराआधी पाय नीट तपासावेत. वाकणे जमत नसेल, तर मोबाइलवर बोटांच्या बेचक्यांचा फोटो काढून पाहावा. त्वचेवर काहीही दिसत नसताना तळपायांना आणि तळहातांना खाज सुटत असेल, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत आणि रात्री, तर मलम शोधत न बसता त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलावे. यकृतातील पित्ताचा प्रवाह मंदावल्याने अशी खाज येऊ शकते. त्याचे निदान रक्ततपासणीने होते आणि त्याचा बाळावर परिणाम होऊ शकतो.

चिखल्याच असतील, तर अर्धा उपचार पाय कोरडे ठेवण्यात आहे. रोज पाय धुतल्यावर खुर्चीवर बसावे, पाऊल बुटक्या स्टुलावर ठेवावे आणि मऊ सुती कापडाची घडी प्रत्येक बेचक्यात घालून ओल टिपून घ्यावी. खसाखसा पुसल्यास पापुद्रे ओढले जाऊन भेगा पडतात. हे कापड फक्त पायांसाठी ठेवावे आणि रोज धुवावे, कारण त्याच टॉवेलाने जांघ पुसली तर बुरशी तिथेही जाते. हात पोहोचत नसेल, तर घरातल्या कुणाला हे काम सांगण्यात संकोच करू नये.

त्यानंतर मलम. गरोदरपणात सहसा 1 टक्का क्लोट्रिमॅझोलचे मलम प्रथम निवडले जाते, कारण त्वचेतून ते रक्तात अत्यल्प प्रमाणात जाते. तरीही आपल्या डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी. दिवसातून दोनदा, पातळ थरात आणि चट्ट्याच्या कडेबाहेर सुमारे 2 सेंटिमीटरपर्यंत ते लावावे व हात साबणाने धुवावेत. आठवडाभरात खाज थांबते आणि नेमके तिथेच बहुतेकांचे मलम सुटते, पण बुरशी अजून शिल्लक असते. म्हणून सांगितलेली मुदत, जी साधारण 4 आठवड्यांची असते, पूर्ण करावी. घरात पडून असलेली जुनी ट्यूब मात्र हाताशी आली म्हणून लावू नये. अशा अनेक मलमांत स्टेरॉइड मिसळलेले असते. त्याने लाली ओसरल्यासारखी वाटते आणि खाली बुरशी पसरत राहते. बुरशीवरच्या पोटात घ्यायच्या गोळ्या स्वतःहून घेऊ नयेत; ग्रिसिओफुल्विन तर गरोदरपणात टाळतातच. नखांपर्यंत गेलेल्या बुरशीचा गोळ्यांचा उपचार बहुधा बाळंतपणानंतरवर ढकलला जातो आणि त्याने काही बिघडत नाही. व्हिनेगर किंवा लसूण भेगाळलेल्या त्वचेवर लावल्यास आग होते, पदरात फारसे काही पडत नाही.

मोजे सुती असावेत, रोज बदलावेत आणि शक्य तितक्या गरम पाण्यात धुवावेत. एकच जोडा सलग दोन दिवस वापरू नये. घरात आणखी कुणाला चिखल्या असतील, तर त्यांच्यावरही त्याच वेळी उपचार व्हावेत, नाहीतर न्हाणीघराच्या ओल्या फरशीवरून संसर्ग परत येतो.

दोन आठवड्यांत काहीच फरक पडला नाही, तर डॉक्टर त्वचेचे पापुद्रे खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली तपासू शकतात. भेगांतून पू येणे, लाली घोट्याकडे चढणे, पाऊल गरम लागणे किंवा ताप येणे ही जिवाणूसंसर्गाची चिन्हे असून त्यात थांबू नये. गरोदरपणातील मधुमेह असल्यास तर अजिबात नाही. एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली, तर ते रक्ताच्या गुठळीचे लक्षण असू शकते आणि तेव्हा तातडीने रुग्णालयात जावे.