जुलाब झाले की लगेच अँटिबायोटिक? किचनपासून मेडिकलपर्यंत या चुका टाळा

पावसाळ्यात कुठल्याही मेडिकलवर थोडा वेळ उभे राहा, "पोट बिघडलंय, चांगली स्ट्राँग गोळी द्या" हे ऐकू येणारच. मग समोरून ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोल या अँटिबायोटिकची स्ट्रिप निघते, चार गोळ्या कापून मिळतात, दोन दिवसांत बरं वाटतं आणि पुढच्या वेळी आपण नाव घेऊनच तीच गोळी मागतो. माझ्या मते सगळ्यात मोठी चूक हीच, म्हणून आधी तिच्याबद्दल बोलू, किचनमधल्या चिकनचं नंतर.

साधे पाण्यासारखे जुलाब बहुतेक वेळा दोन-तीन दिवसांत आपले आपणच थांबतात. लहान मुलांत तर बऱ्याचदा व्हायरस असतो आणि व्हायरसवर अँटिबायोटिक शून्य काम करतं. म्हणजे गोळी घेतली नसती तरी बरं वाटलंच असतं, फक्त श्रेय गोळीला मिळतं. पण गोळी आत गेल्यावर गप्प बसत नाही ना, आतड्यात आधीपासून राहणारे कोट्यवधी जंतू असतात, त्यातले कच्चे मरतात आणि औषधाला दाद न देणारे उरतात, मग मोकळी झालेली जागा तेच भरून काढतात. त्यात भर म्हणजे प्लास्मिड नावाचा डीएनएचा छोटा गोल तुकडा असतो, तो एक जंतू दुसऱ्याला देऊ शकतो, अगदी जात वेगळी असली तरी. म्हणजे पोटातल्या निरुपद्रवी ई. कोलाय जंतूकडची ताकद उद्या जेवणातून आलेल्या साल्मोनेलाला (टायफॉइडचा जंतू याच घराण्यातला) मिळू शकते.

हे पुस्तकी वाटत असेल तर पाकिस्तानातल्या सिंध प्रांताचं बघा. २०१६ पासून तिथल्या हैदराबाद शहरात असा टायफॉइड पसरला की जुनी औषधं सोडाच, सिप्रो आणि सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनही चालेना. तपासलं तर टायफॉइडच्या जंतूने एक जास्तीचा प्लास्मिड मिळवलेला होता आणि तसलाच प्लास्मिड ई. कोलायमध्ये सापडतो. तोंडाने घ्यायच्या औषधांत मुख्य आधार उरला तो अझिथ्रोमायसिनचा. आणि आपण तेच अझिथ्रो सर्दीला खातो!

मग जुलाब झाले तर करायचं काय? ओआरएस, आणि तेही नीट. एक लिटरचं पाकीट ग्लासभर पाण्यात कालवून "किती खारट आहे" म्हणणारे खूप भेटतात. पाकिटावर जितकं पाणी लिहिलंय तितकंच घ्यायचं, उकळून गार केलेलं, आणि केलेलं पाणी २४ तासांत संपवायचं. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा छोटे सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. लहान मुलांना सोबत झिंक देतात, डोस डॉक्टरला विचारून. १९७१ मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांच्या, पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी सलाईन संपल्यावर असल्याच साखर-मिठाच्या पाण्यावर कॉलऱ्याचे रुग्ण वाचवले होते, तेव्हा "नुसतं पाणीच तर दिलंय" असं म्हणू नका.

शौचातून रक्त, जोराचा ताप, लघवी कमी होणं, गुंगी, किंवा पेशंट तान्हं बाळ, गरोदर बाई, वयस्कर माणूस असेल तर मात्र सरळ डॉक्टर गाठा. रक्त पडत असताना मनाने जुलाब थांबवायची गोळी घेऊ नका, अँटिबायोटिकही नको, कारण ई. कोलायच्या काही प्रकारांत अँटिबायोटिकने किडनीचा धोका वाढू शकतो.

आता "विडालमध्ये टायफॉइड निघाला" हा आपल्याकडचा खास प्रकार. विडाल ही टायफॉइडसाठी केली जाणारी रक्ताची टेस्ट, पण एकट्या तिच्यावर भरवसा ठेवण्यासारखं काही नाही, आधी कधी होऊन गेलेला टायफॉइड, लस, दुसराच एखादा ताप, कशानेही ती पॉझिटिव्ह येऊ शकते. खरी टेस्ट ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू लॅबमध्ये वाढवून बघणं, आणि तिचं रक्त अँटिबायोटिक सुरू करायच्या आधी द्यायचं. आपण उलटं करतो, तीन दिवस गोळ्या खाऊन मग कल्चरला जातो आणि रिपोर्टमध्ये काहीच उगवत नाही. कुठलं औषध लागू पडेल हेही कल्चरच सांगतं. सिप्रो एकेकाळी टायफॉइडवर हुकमी होतं, आज भारतात बहुतेक ठिकाणी त्याचा उपयोग राहिलेला नाही.

चिकनकडे येऊ. नळाखाली धो धो धुणं ही घराघरातली सवय, पण त्याने जंतू जात नाहीत, शिंतोड्यांबरोबर ओट्यावर, बाजूच्या काकडीवर, घासलेल्या भांड्यांवर जातात. धुतल्याशिवाय जमतच नसेल (आमच्याकडे आजींना हे पटवणं अशक्य आहे) तर पातेल्यात पाणी घेऊन हलक्या हाताने धुवा आणि मग सिंक, ओटा, हात साबणाने. ज्या विळीवर मासळी किंवा चिकन कापलं तिच्यावर न धुता कोशिंबिरीचा कांदा चिरायचा नाही, कारण चिकन शिजणार आहे, कोशिंबीर नाही. फ्रिजमध्ये कच्चं चिकन झाकणाच्या डब्यात, सगळ्यात खाली.

इथे एक गैरसमज: औषधाला न जुमानणारा जंतू शिजवूनही मरत नाही. मरतो हो! आतपर्यंत ७४ डिग्री गेलं की साधा काय आणि रेझिस्टंट काय, दोघेही संपतात. भीती आहे ती हाडाजवळ गुलाबी राहिलेल्या तंदुरीची आणि त्या कोशिंबिरीची. दुसरा गैरसमज, "अँटिबायोटिक-फ्री" लिहिलेलं पाकीट म्हणजे जंतू-फ्री. मांसात औषधाचा अंश नसणं वेगळं आणि मांसावर जंतू नसणं वेगळं, ते पाकीटही तितक्याच काळजीने हाताळायचं.

कोंबड्यांच्या औषधांचा आपल्याशी काय संबंध म्हणाल तर, कोलिस्टिन हे हॉस्पिटलमधलं शेवटच्या फळीचं औषध आणि तेच कोंबड्यांचं वजन वाढावं म्हणून खाद्यात मिसळलं जायचं. २०१५ मध्ये चीनमधून बातमी आली की कोलिस्टिनला दाद न देणारं जनुक प्लास्मिडवरून पसरतंय, आणि जुलै २०१९ मध्ये भारताने खाण्यासाठी पाळलेल्या जनावरांत ते बंद केलं. अमेरिकेने तर २००५ मध्येच कोंबड्यांसाठी सिप्रोच्याच घराण्यातलं एन्रोफ्लॉक्सासिन बंद केलं, कारण कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जंतू या औषधांना जुमानेनासा झाला होता.

कॅम्पिलोबॅक्टर हे नाव पुणेकरांनी जानेवारी २०२५ मध्ये ऐकलं असेल. नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी, सिंहगड रस्ता या भागात जीबीएसचे (गिलान-बारे सिंड्रोम, नसांवर हल्ला करणारा आजार) रुग्ण वाढले तेव्हा काहींच्या शौचाच्या नमुन्यांत हाच सापडला आणि संशय पाण्यावर गेला. तर टँकरचं किंवा विहिरीचं पाणी "स्वच्छ दिसतंय" म्हणून तसंच पिऊ नका, उकळा. उकळल्यावर हा जंतू टिकत नाही.

रात्रभर कुकरमध्येच राहिलेला भात सकाळी फोडणी देऊन खाणं ही वेगळी गंमत. बॅसिलस सिरियस नावाच्या जंतूचे बीजाणू (त्याचं कडक कवचातलं रूप) शिजवूनही जगतात, कोमट भातात वाढतात आणि उलटी करणारं त्यांचं विष फोडणीच्या आचेनेही जात नाही. भात दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये. आणि त्या उलट्यांवर अँटिबायोटिक घेणं फुकट, कारण त्रास विषाचा आहे.

शेवटी घरातला तो डबा बघा, ज्यात मागच्या आजारपणातल्या उरलेल्या गोळ्या आहेत. लाल उभी रेघ असलेली स्ट्रिप म्हणजे चिठ्ठीशिवाय घ्यायची नाही. शेजारच्या काकूंना "मला हिने फरक पडला" म्हणून देऊ पण नका, आणि डॉक्टरने पाच दिवस सांगितले असतील तर दोन दिवसांत बरं वाटलं म्हणून मनाने थांबू नका, थांबायचं असेल तर फोन करून विचारा.