जंप एअरक्राफ्टच्या टेंडरवर काम करायचंय? पुण्यात बसून मी जे शिकले ते

दर दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी विचारतंच, ताई तुमचं काम नक्की काय आणि त्यात शिरायचं कसं. विचारणारी बहुतेक विद्यापीठात डिफेन्स स्टडीज केलेली नाहीतर एरोनॉटिकलची मुलंमुली, एखादा बीकॉमवालाही असतो. प्रत्येकाला फोनवर अर्धवट सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून टाकते.

तर काम असं. सैन्याच्या स्पेशल फोर्सेसना पॅराशूटच्या उड्यांचा सराव सतत लागतो, आणि त्यासाठी दर वेळी सैन्याचंच मोठं विमान मिळतं असं नाही. आपल्याकडे पॅरा कमांडो उडी मारायला शिकतात ते आग्र्याच्या पॅराट्रूपर्स ट्रेनिंग स्कूलमध्ये आणि तिथे विमानं हवाई दलाचीच, एएन-३२ वगैरे. अमेरिकेत मात्र खाजगी कंपनीचं सिव्हिल विमान, पायलट, मेकॅनिक सगळं कॉन्ट्रॅक्टवर घ्यायची पद्धत मुरलेली आहे. दहा-बारा जणांच्या टीमला दिवसभरात पाच-सहा उड्या मारायच्या असतील तर सी-१३० सारखं चार इंजिनांचं विमान वर नेणं महाग पडतं आणि ते मिळतही नाही, त्याऐवजी ट्विन ऑटर, कासा २१२, स्कायव्हॅन, नाहीतर सिंगल इंजिनचं कॅराव्हॅन घेतलं की काम भागतं. कासाला मागे रॅम्प आहे, स्कायव्हॅनला मागे वर उघडणारा मोठा दरवाजा, ट्विन ऑटरला बाजूचा दरवाजा, आणि हा फरक ऐकायला छोटा वाटला तरी पूर्ण टेंडर त्यावर फिरतं.

आम्ही पुण्यातून काय करतो? परदेशी ऑपरेटरला बिड तयार करायला मदत. पण फक्त सार्वजनिक भागावर, हे सुरुवातीलाच स्पष्ट समजून घ्या. अमेरिकेचं टेंडर सॅम डॉट गव्ह या सरकारी साईटवर येतं, ते इथूनही वाचता येतं, पण काही अटॅचमेंट कंट्रोल्ड असतात, ती आपल्यासाठी नाहीत, आयटार म्हणजे त्यांच्या संरक्षण निर्यातीच्या नियमांखालची माहिती परवान्याशिवाय भारतात बसलेल्या भारतीय माणसाला मिळू शकत नाही. समोरून कोणी चुकून पाठवली तरी उघडायची नाही, लगेच कळवायचं. मी ट्रेनींना पहिल्याच दिवशी हे सांगते, कारण इथे झालेली चूक नंतर सॉरी म्हणून मिटत नाही.

माझी सुरुवात विमाननगरच्या एका छोट्या चार्टर कंपनीच्या टेंडर डेस्कवर झाली. राज्य सरकारांची हेलिकॉप्टरची टेंडरं, वेट लीज म्हणजे क्रूसकट भाड्याने, डीजीसीएचं नॉन शेड्यूल्ड परमिट म्हणजे चार्टर उडवायचा परवाना, त्यातलं इन्शुरन्स, एवढं तीन वर्षं केलं. हा पाया फार कामी आला. नंतर जंपच्या टेंडरवर आले तेव्हा मला वाटलं विमान भाड्याने द्यायचं म्हणजे विमान भाड्याने द्यायचं, वेगळं काय असणार त्यात. खूप वेगळं असतं. चार्टरचा गिऱ्हाईक एका गावाहून दुसऱ्या गावाला जातो, जंपवाल्याला कुठेच जायचं नसतं, त्याला ठरलेल्या उंचीवर, ठरलेल्या जागेच्या वर, ठरलेल्या वेळी उघडा दरवाजा हवा असतो आणि तो दिवसातून अमुक वेळा हवा असतो. सीट, रेंज, क्रूझ स्पीड हे ब्रोशरमधले आकडे त्याच्या फारसे कामाचे नाहीत. हे एकदा डोक्यात बसलं की टेंडरमधली प्रत्येक ओळ का लिहिलीय ते कळायला लागतं.

माझ्या डोक्यात ते बसवलं आमच्याकडच्या सरांनी. हवाई दलातून रिटायर झालेले, एएन-३२ वर नेव्हिगेटर होते, वानवडीला राहतात. मी टेक्निकल टेबलमध्ये ट्विन ऑटरसमोर १८ जंपर लिहून ठेवलं होतं, ब्रोशरमध्ये १९ सीट, म्हटलं एक कमी धरला म्हणजे सेफ. सरांनी कागद बघितला आणि एवढंच विचारलं, बाळा, दारात उभा राहिलेला माणूस किती किलोचा? मी म्हटलं पंच्याहत्तर, ऐंशी. ते काही बोलले नाहीत, मला खाली पार्किंगमध्ये घेऊन गेले, कुरिअरवाल्याचा वजनकाटा मागून घेतला, माझी हरिश्चंद्रगडाची ट्रेकिंग सॅक गाडीत होती त्यात प्रिंटरच्या कागदाची बारा रिमं भरली आणि म्हणाले घाल आणि उभी राहा. रिकामी मी ५४ किलो. सॅक घातल्यावर काटा ८३ च्या पुढे. मग म्हणाले आता बस. मला बसताच येईना, सॅक मागे टेकली की मी पुढे घसरायची, शेवटी जमिनीवर पाय पसरून बसले तर दोन माणसांची जागा खाल्ली. सर म्हणाले, अजून पॅराशूट नाही, रिझर्व्ह म्हणजे जादाचं पॅराशूट नाही, हत्यार नाही, हेल्मेट नाही, ऑक्सिजनची बाटली नाही, आणि तो जवान तुझ्यासारखा ५४ चा नाही.

पूर्ण सामानासकट एक जंपर दीडशे किलोच्या पुढे सहज जातो. समजा इंधन भरल्यावर विमानात १,५०० किलोच उरलेत, तर ७५ किलोची वीस माणसं बसतील पण १५० किलोचे दहाच, आणि तेही एकदम मागे दारापाशी उभे राहिले की बॅलन्स बदलतो, म्हणजे सेंटर ऑफ ग्रॅव्हिटीचं गणित टेकऑफचं वेगळं आणि उडीच्या क्षणाचं वेगळं, दोन्ही करायची. १८ खोडून मी ९ लिहिलं. क्लायंटच्या पायलटने स्वतःचं गणित करून तोच आकडा पाठवला तेव्हा मला इतका आनंद झाला की मी घरी जाताना चितळ्यांकडून बाकरवडी नेली.

वजनाचा हा विषय मी उगाच ताणत नाहीये. १२ डिसेंबर १९८५ ला कॅनडात गँडरला अमेरिकन सैनिकांना सिनायहून घरी नेणारं चार्टर डीसी-८ टेकऑफनंतर लगेच पडलं, २५६ माणसं गेली, त्यातले २४८ सैनिक. कारणावरून चौकशी बोर्डात मतभेद झाले, बहुमताने पंखावरच्या बर्फाकडे बोट दाखवलं, पण विमानाचं वजन खऱ्यापेक्षा कमी धरलं होतं हेही तपासात आलं. त्यानंतर अमेरिकन काँग्रेसने कायदा केला आणि सैनिक नेणाऱ्या सिव्हिल कंपनीची संरक्षण खात्याकडून सुरक्षेची तपासणी सक्तीची झाली. आज टेंडरमध्ये कमर्शियल एअरलिफ्ट रिव्ह्यू बोर्ड, म्हणजे सीएआरबीचं अप्रूव्हल मागितलेलं दिसतं ते इथून आलंय. नवीन मुलं त्याला अजून एक सर्टिफिकेट समजून टिक करतात, तसं करू नका, ते वाचताना गँडर आठवा.

दुसरी घटना नोव्हेंबर २००४ ची, अफगाणिस्तान. अमेरिकन सैन्याच्या कॉन्ट्रॅक्टवरचं कासा २१२ डोंगरात घुसलं, सहाही जण गेले. एनटीएसबी म्हणजे अमेरिकेची अपघात चौकशी संस्था, तिच्या रिपोर्टमध्ये ठरलेला रूट न धरणं, कंपनीचं आणि सरकारी खात्यांचं ढिलं लक्ष हे सगळं आहे, दोन्ही पायलट त्या भागात नवे होते आणि विमान कुठे आहे याचा मागोवा ठेवायची धड व्यवस्था नव्हती. एक सैनिक धडकेनंतर काही तास जिवंत होता. ही ट्रेनिंगची फ्लाईट नव्हती, तरी बिडमध्ये क्रू क्वालिफिकेशन आणि फ्लाईट फॉलोइंगचं पान लिहायला बसले की मी त्या माणसाचा विचार करते आणि कॉपी-पेस्ट करत नाही.

आता नियमांचं. अमेरिकेत एफएए म्हणजे त्यांची डीजीसीए, तिच्या नियमांतला पार्ट १३५ म्हणजे आपल्या नॉन शेड्यूल्ड परमिटच्या जवळपास जाणारा, आणि पार्ट १०५ पॅराशूटच्या उड्यांचा. गंमत अशी की टेकऑफच्या एअरपोर्टपासून २५ मैलांच्या आत, मध्ये कुठे न उतरता, फक्त उड्यांसाठी उडत असाल तर पार्ट ११९ मध्ये सूट आहे, कमर्शियल ऑपरेटरचं सर्टिफिकेट लागत नाही. म्हणून रविवारी हौशी लोकांना स्कायडायव्हिंग करवणारा छोटा ऑपरेटरही कायद्याने बरोबर असतो. पण सैन्याच्या टेंडरमध्ये पार्ट १३५ मागितला असेल तर ती सूट दाखवून चालत नाही, आणि टीमला एका राज्यातून दुसऱ्या राज्यात उतरवायचं असेल तर २५ मैल केव्हाच संपले. शिवाय दरवाजा काढून किंवा रॅम्प उघडा ठेवून उडायला त्या विमानाच्या फ्लाईट मॅन्युअलमध्ये परवानगी लागते, तो कागद आधी मागून घ्या, 'आम्ही नेहमीच उडतो तसं' हे उत्तर चालणार नाही.

उंचीचंही तसंच. केबिन प्रेशराइज्ड नसते, एफएएच्या सर्वसाधारण नियमाने १२,५०० फुटांच्या वर अर्ध्या तासापेक्षा जास्त राहिलं तर क्रूला ऑक्सिजन, १४ हजारांच्या वर क्रूला पूर्ण वेळ, १५ हजारांच्या वर विमानातल्या प्रत्येकासाठी. १८ हजारांच्या वरून उडी असेल तर जंपरना आधी किमान अर्धा तास शुद्ध ऑक्सिजन घ्यावा लागतो, नायट्रोजन शरीराबाहेर काढायला. तो अर्धा तास विमानाच्या मीटरवर येतो की जमिनीवर, आणि ऑक्सिजन कोण आणणार, हे टेंडरवर प्रश्न विचारायच्या मुदतीतच विचारायचं. नंतर विचारलं की तुमच्या खिशातून.

पैसे म्हटलं की नवीन माणूस ताशी रेट काढतो आणि तिथेच फसतो. वारा वाढला की उडी रद्द, स्टॅटिक लाईनच्या, म्हणजे विमानाला बांधलेल्या दोरीने पॅराशूट आपोआप उघडणाऱ्या उड्यांच्या सरावाला अमेरिकन सैन्यात जमिनीवर १३ नॉट्सची मर्यादा आहे, मग विमान, दोन पायलट, मेकॅनिक दिवसभर धावपट्टीवर बसून, आणि तुमच्या शीटमध्ये त्या दिवसाचे शून्य तास. म्हणून दिवसाचा अव्हेलेबिलिटी रेट वेगळा, फ्लाईंग आवर वेगळा, विमान तिथे नेण्या-आणण्याचा खर्च वेगळा, इंधन कोणाचं ते वेगळं, हे प्राइस शीटमध्ये कुठल्या लाईनमध्ये बसतंय ते शोधा. मोठी कॉन्ट्रॅक्टं बऱ्याचदा आयडीआयक्यू असतात, म्हणजे सरकार किमान काहीतरी घ्यायचं कबूल करतं आणि बाकीचं लागेल तशी ऑर्डर. वरची कमाल रक्कम बघून हुरळून जाऊ नका, किमान किती तेच वाचा, बँकेचा हप्ता त्यावर फेडायचाय.

माझं एक बिड न उघडल्यासारखंच झालं ते सांगते, कारण त्याचं मला अजून वाईट वाटतं. प्रश्नोत्तरांनंतर टेंडरमध्ये बदल आला, आधी बाजूचा दरवाजा चालणार होता तो रॅम्प झाला. आमचं विमान रॅम्पवालंच होतं, म्हणजे आम्हाला फायदाच, म्हणून मी निवांत राहिले आणि तो बदल मिळाला अशी सही करून पाठवायची असते ती पाठवलीच नाही. नॉन रिस्पॉन्सिव्ह, म्हणजे अटी पाळल्या नाहीत म्हणून बिड बाद. सहा आठवडे आठ जणांनी काम केलं होतं. तेव्हापासून शेवटच्या दिवशी सकाळी आणि संध्याकाळी दोनदा मी साईट उघडून बदलांचे नंबर मोजते. वेळेचंही बघा, तिकडची ईस्टर्न टाईमची दुपारी दोनची मुदत म्हणजे उन्हाळ्यात आपले रात्रीचे साडेअकरा आणि नोव्हेंबरात त्यांनी घड्याळ मागे घेतलं की साडेबारा, म्हणजे तारीखही बदलते.

आपल्याकडे हे येणार का, असंही विचारतात. डीएपी-२०२० मध्ये, म्हणजे संरक्षण खरेदीच्या नियमावलीत, लीजिंग अधिकृतपणे आलं, नौदलाने २०२० मध्येच दोन सी गार्डियन ड्रोन भाड्याने घेतली, म्हणजे भाड्याने घेण्याला दार उघडलंय. मला मनापासून वाटतं की ट्रेनिंगच्या उड्यांसाठीही हा विचार व्हावा, हवाई दलाची मोठी विमानं मोकळी होतील आणि जवानांना जास्त उड्या मिळतील, पण तपासणीची यंत्रणा आधी हवी, विमानं नंतर.

तयारी करायची असेल तर एक करा. सॅमवरचं बंद झालेलं एखादं जंपचं टेंडर काढा, त्यातलं परफॉर्मन्स वर्क स्टेटमेंट, म्हणजे काय काम हवंय ते सांगणारा भाग, तीनदा वाचा, आणि मग तीच फ्लाईट आपल्या लोहगावहून मे महिन्यात उडतेय असं धरून शीट बनवा. लोहगाव समुद्रसपाटीपासून साधारण १,९०० फुटांवर, दुपारचं ४० डिग्री धरा, डेन्सिटी अल्टिट्यूड, म्हणजे गरम पातळ हवेमुळे विमानाला जाणवणारी उंची, साडेपाच हजार फुटांच्या आसपास निघेल, म्हणजे विमानाला वाटतंय आपण महाबळेश्वरच्याही वर उभे आहोत. आता सांगा किती जंपर, चढायला किती मिनिटं, संध्याकाळपर्यंत किती फेऱ्या. आणि लोहगाव हवाई दलाचा बेस आहे, सुखोई उडत असतील तर तुमचं विमान टॅक्सीवेवर थांबणार, ती मिनिटंही धरा.

शीट झाली की शनिवारी दुपारी घेऊन या, सरही असतात तेव्हा. फक्त जंपरचं वजन कुठून घेतलं ते त्या आकड्यासमोर लिहून आणा, ते पहिलं तेच विचारतील.